साडेसहा फुटी लिंबूटिंबू

अमेरिकेत ॲन आर्बरच्या आमच्या घरात प्रत्येक दारातून वाकून जाणारा एकच माणूस होता, आणि त्याचंच नाव आम्ही लिंबूटिंबू ठेवलं होतं. लाटवियाचा आन्द्रिस. तो, मी आणि नागपूरचा निखिल असे तिघे ते घर भाड्याने घेऊन राहायचो. तिघेही युनिव्हर्सिटीत संशोधन करत होतो.

पहिल्याच आठवड्यात निखिलने फोनवर नकाशा उघडला, लाटवियावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "यार, हे बघ, कंट्री गायब." नाव तेव्हाच पडलं. आन्द्रिसने अर्थ विचारला. मोठ्या मुलांच्या खेळात एक लहान पोर घेतात, ते कितीदा पकडलं गेलं तरी आउट होत नाही, असं मी सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "छान खेळ आहे. आमच्या शेजाऱ्याला कुणी शिकवला नाही. त्याच्या खेळात लिंबूटिंबूच पहिला आउट होतो."

शेजारी म्हणजे रशिया. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसा हा रशियाचं नाव घ्यायचा नाही. कारण अर्थात वेगळं होतं.

रविवारी सकाळी त्याचे दोन मित्र व्हिडिओ कॉलवर यायचे, एक एस्टोनियाचा, एक लिथुआनियाचा. तिन्ही देश मिळून सरहद्दीवर खंदक आणि काँक्रीटचे अडथळे उभारत होते, आणि कोण मागे पडलं यावरून हे तिघे कडकडून भांडायचे. वर पुन्हा हसत फोन ठेवायचे. "घरं तीन, कुंपण एक," तो मला म्हणायचा. "एकाचं फाटक उघडं राहिलं, की तिघांच्याही कोंबड्या गेल्या."

मग त्याच्या आईचा फोन. ती निवृत्त शिक्षिका, गावच्या स्वयंसेवकांच्या तुकडीत जखमींना पट्ट्या बांधायला शिकत होती. तिच्याशी बोलून झालं की हा उठून भांडी घासायचा, तीही आधीच घासलेली. एकदा मी टोकलं, तर पाठ न वळवता म्हणाला, "तिचे गुडघे दुखतात. तरी ती चिखलात रांगायला शिकतेय, आणि मी इथे पोह्यांत बटाटा घालायचा की नाही यावर तुमच्याशी वाद घालतोय. लाज वाटते मला." मी पोह्यांची प्लेट हळूच खाली ठेवली.

त्या हिवाळ्यात संशोधन अर्धवट टाकून तो परत निघाला. "अरे, फंडिंग आहे, व्हिसा आहे, वेडा आहेस का तू?" असं निखिलने विचारून पाहिलं. तो बॅग भरत राहिला.

त्याची बॅग घेऊन मी बस स्टॉपपर्यंत गेलो. तिथे त्याने अगदी सहज विचारलं, "तुझ्या घरावर अशी वेळ आली, तर तू जाशील?" मी तोंड उघडलं, आणि मला आधी ग्रीन कार्डची रांग आठवली. आईबाबा नंतर आठवले. तेवढ्यात बस आली म्हणून सुटलो. तो वाकून आत चढला, पण माझा चेहरा त्याने पाहिला होता.

निखिल आता अमेरिकेतच, अल्फारेटाला घर घेऊन राहतो. मी इथेच आहे. आन्द्रिस आईच्याच तुकडीत आहे. रविवारी त्याचा मेसेज येतो, मी शिकवलेल्या शब्दात: "लिंबूटिंबू नॉट आउट." मी उत्तर लिहायला घेतो, खोडतो, पुन्हा लिहितो.

शेवटी नुसता अंगठा पाठवतो.