पुढच्या डिकीतली पत्रकं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमच्या नेरे गावातल्या घरी पुस्तकं फार नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे कायम असायचे. रेशनच्या धान्याविषयीची, पाण्याच्या टाकीविषयीची, दारूच्या दुकानाविरुद्धची. आई ती लिहायची, छापून आणायची, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी शुद्धलेखन काढायचे. पहिलीत बाईंनी ‘न’वरून शब्द विचारले तेव्हा मुलं नळ, नथ म्हणाली. मी ‘निषेध’ म्हटलं. बाई हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घराला लागूनच गॅरेज होतं. पत्र्याची गळकी शेड. तिथे टेम्पो यायचे, ट्रॅक्टर यायचे, भातखाचरात चालणारे पॉवर टिलर यायचे. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात तिथे एक लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आली. मुठा गावात बंगला असलेल्या एका निवृत्त गृहस्थांची ती हौस. तिचं इंजिन मागे होतं आणि सामान ठेवायची डिकी पुढे. गावाला हे काही केल्या पटेना. “तोंडात सामान आन् बुडाखाली इंजिन, ही कसली गाडी?” असं म्हणत म्हातारी माणसं तिच्याभोवती फेरी मारून जायची.

मला त्या गाडीचा रागच होता. आमच्या एसटीला पोरं दारात लोंबकळत होती आणि इथे एका माणसाच्या हौसेला अख्खी शेड. आप्पा मात्र संध्याकाळी तिला फडक्याने पुसायचे आणि पुसताना शीळ घालायचे. दुसऱ्या कुठल्याच गाडीसाठी मी त्यांची शीळ ऐकली नाही. आज ती शीळ आठवली की माझा तो राग मला जरा कोता वाटतो, पण तेव्हा तो होता आणि खरा होता.

त्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेपुढे एक ठराव येणार होता. गावच्या गायरानाचा मोठा तुकडा एका गृहप्रकल्पाच्या रस्त्यासाठी सोडून द्यायचा. आईने त्याविरुद्ध पत्रक लिहिलं, छापून आणलं. पण घर गळत होतं, शेडही गळत होती. आप्पांनी गाडीची पुढची डिकी काही कामासाठी उघडली होती. आईला तेवढीच कोरडी जागा दिसली. तिने सगळे गठ्ठे आत रचले आणि झाकण धाडकन लावून टाकलं. आप्पांना सांगायचं राहून गेलं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांनी डॅशबोर्डखालचा खटका ओढला, तर खटक्याबरोबर वीतभर तार हातात आली.

“तुटली डिकीची केबल,” आप्पा म्हणाले. मग आईचा चेहरा बघून, “तुला काय झालं?”

“माझी पत्रकं हायेत आत.”

आप्पा टायरवर बसले. “लोकाच्या गाडीत?”

“लोकांचीच हायेत की पत्रकं.”

छापखानेवाला गावी गेलेला, त्यामुळे पुन्हा छापणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, पहार आणते. एका माणसाचा पत्रा मोठा की गावची जमीन, असं एक छोटंसं भाषणही केलं. आप्पांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“पहार आणलीस तर पयली माझ्या डोक्यात घाल,” ते म्हणाले. “त्यानं इस्वासानं ठेवलीया. गाडी फोडायची आन् वर जमिनीचा न्याय सांगायचा?”

आई माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “त्ये बरोबर बोलत्यात.”

आप्पांनी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, पत्र्याला धक्का लावू नका, बाकी काय वाटेल ते करा. मग आप्पा गाडीत उताणे झोपले, केबलचं वरचं वेष्टण मागे मागे सोलत गेले, तेव्हा आतल्या तारेचं नखाएवढं टोक दिसलं. पण तार गंजून अडकलेली. पक्कड लावली की निसटे. ते टोक घट्ट धरायला स्क्रूचा निपल हवा होता, म्हणजे आडव्या भोकात तार घालून वरून स्क्रू आवळायचा, असा पितळेचा हरभऱ्याएवढा तुकडा. “आन् मिळाली तर नवी केबलच आण,” असं सांगून त्यांनी मला पिटाळलं.

शेजारच्या मारुंजी गावातल्या दुकानांत नव्या बाइकचे सुटे भाग ढिगाने होते. एका दुकानातला पोरगा म्हणाला, “दीदी, ये अब कौन रखता है? पुराने स्कूटर में देखो.” तिथून मी पुण्यात जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, “बॉनेटची देऊ की डिकीची?” आता झाकण तर पुढचं होतं. मी ठासून म्हटलं, “बॉनेटची.”

घरी आप्पांनी पुडकं उघडलं आणि केबल दोन बोटांत धरून लोंबकळवली. ती जेमतेम हातभर होती.

“ही मागची. बॉनेट म्हणालीस व्हय?”

“पुढचंच झाकण ना?”

“आगं, इंजिनावर असतं ते बॉनेट. हिचं बॉनेट मागं हाय!”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला रडू येत होतं. दुकानात फोन केला, तर पुढच्या डिकीची केबल परदेशातूनच मागवावी लागणार होती.

उरली जुनी स्कूटर. गावात चालती जुनी स्कूटर एकच होती, आणि ती होती जमिनीचे व्यवहार करणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांची. गायरानाच्या ठरावामागे तेच होते. मी म्हटलं, त्यांच्या दारात मी जाणार नाही. आई निघाली, तेव्हा मात्र मागोमाग गेलेच.

काका ओट्यावर चहा पीत होते.

“भाऊजी, तुमच्या स्कूटरच्या क्लचचा निपल पायजे,” आई म्हणाली.

“कशाला, वहिनी?”

मी आईचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. “तुमच्या ठरावाविरुद्धची पत्रकं त्या लाल गाडीत अडकल्यात. उद्याच्याला वाटायची हायेत.”

काकांनी बशी खाली ठेवली. “म्हंजे माझाच निपल काढून माझीच हजामत?”

“व्हय.”

“आन् ह्या पुढारीणबाई का गप?”

“मला तुमच्याकडून काही नको,” मी म्हटलं.

“मग आयला कशाला फुडं घातलंस?” ते हसायला लागले आणि खूप वेळ हसले. मग उठून स्वतःच स्क्रू ड्रायव्हर शोधला. “एका अटीवर, वहिनी. उघडताना मी बघणार. त्या गाडीच्या तोंडात काय हाय, लई दिस झालं मला बघायचं हाय.”

अंधार पडायच्या आत निम्मं गाव शेडमध्ये जमलं. आप्पांनी तारेच्या टोकावर निपल चढवला, स्क्रू आवळला, निपलमागे पाना अडकवला आणि दोन्ही हातांनी ओढला. खट. झाकण दोन बोटं वर आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा हातातला पाना न ठेवता गाडीभोवती फिरले, पत्र्यावर कुठे ओरखडा नाही ना ते बघत.

पत्रकं कोरडी होती, पण त्या गाडीची पेट्रोलची टाकीही पुढेच होती. सगळ्या गठ्ठ्यांना पेट्रोलचा भपकारा. काकांनी वरचं पत्रक उचललं, उभ्या उभ्या वाचलं, उलटून पाहिलं.

“माझं नाव कुटं हाय?”

“नाव घालत न्हाई आमी,” आई म्हणाली. “भांडण ठरावाशी हाय.”

“एवढा निपल दिला आन् नाव बी न्हाई?” त्यांना ते खरंच लागलं असावं. पत्रक घडी करून त्यांनी खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पत्रक ज्याच्या हातात पडे तो आधी नाकाला लावी. ग्रामसेवकांनी सांगितलं, बिड्या बाहेर. हशा झाला. पण वास घेतलेला कागद माणूस फेकत नाही, वाचतो. बायका एकमेकींना वाचून दाखवत होत्या. ठराव मताला आला, बाजूने थोडे हात वर झाले, मग विरोधात खूप झाले. काका दोन्ही वेळा हाताची घडी घालून बसले होते.

परतताना मी चिडले होते. “त्यांनी आपल्या बाजूने हात का नाही वर केला?”

“त्येंच्याच ठरावाला त्येंनी हात वर केला न्हाई,” आई म्हणाली. “तुला आनि किती पायजे?”

आता त्या शेडच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत आणि आप्पा नुसते गेटाशी खुर्ची टाकून बसतात. गायरान मात्र आहे. चारी बाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत. मधल्या त्या गवतात सकाळी म्हशी चरतात, संध्याकाळी सोसायट्यांमधली पोरं क्रिकेट खेळतात, आणि तिथे जायला कोणाला कोणाची परवानगी लागत नाही.