बादलनं चाटलेलं शिसं

दारव्ह्यात बसस्टँडमागच्या गल्लीत शिरलं की आधी बादलचा वास यायचा. राखी रंगाचा, छातीपर्यंत दाढी लोंबणारा थोराड बोकड. अमिनाबीला आता म्हातारपणीही तो वास आठवतो, आणि त्यामागून हमखास सासूचा खणखणीत आवाज.

त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराची गोष्ट. सासू जैबुनबी, नवरा लवकर गेलेली. पैदाशीचे बोकड पाळूनच तिनं अन्सारला, एकुलत्या लेकाला, वाढवलं होतं. बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया बकऱ्या घेऊन यायच्या, मोबदला म्हणून पदरातून ज्वारी आणायच्या आणि ओट्यावर निवांत बसायच्या. काय गप्पा रंगायच्या तेव्हा!

अन्सार अंगणात ट्रकच्या बॅटऱ्या उकलायचा. जुन्या शिशाच्या प्लेटा भिंतीशी रचलेल्या असत, त्यांची भुकटी जमिनीवर आणि त्याच्या कपड्यांवर. बादल शेजारीच बांधलेला. तो त्या प्लेटा चाटत बसायचा. याला मीठ हवं असेल, असं म्हणून अमिनाबी हसायची.

बाकी हसण्यासारखं तिच्या वाट्याला थोडंच होतं. लग्नाला बरीच वर्षं लोटली तरी कूस उजवली नव्हती. जैबुनबी ओट्यावरच्या बायांना ऐकवायची, "गावच्या बकऱ्या माह्या दारातून गाभण होऊन जातात. माह्या घरातच काय झालं, अल्लाले ठाऊक." अमिनाबी आत भाकरी थापत राहायची.

मग एका बाजारी आर्णीकडची तुळसाबाई आपली बकरी घेऊन परत आली. "जैबुनबी, बकरी उलटली वं. पुन्हा माजावर आली."

तिच्यामागून आणखी दोघी आल्या. हळूहळू बाया येईनाशा झाल्या. बादल वाळत चालला, करकर दात खाऊ लागला. जैबुनबीनं मिरच्या ओवाळून टाकल्या. ते पाहून तुळसाबाई म्हणाली, "नजरेनं जनावर दात खात नाई, बाई. आमी दीक्षा घेतली तवापासून देवरुश्याचा नाद सोडला. तू डाक्तरले दाखव."

ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. त्यांनी बोकड तपासला, अंगणात नजर फिरवली. बादल तेव्हाही भिंतीकडे ओढ घेत होता. "हा हे चाटतो?"

"रोज," अमिनाबी दारातून म्हणाली.

"शिसं आहे हे. जनावरांना त्याची गोडी लागते. पोटातून रक्तात जातं आणि नराचं बीज दुबळं पडतं. मग मादी धडधाकट असली तरी गाभण राहत नाही. याला इथून हलवा. बहुतेक सुधारेल, पण वेळ लागेल."

जैबुनबी डॉक्टरांजवळ सरकली. मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, "डाक्तरसाब, माणसाचं बी असंच व्हते काय?"

डॉक्टरांनी अन्सारच्या काळ्या हातांकडे पाहिलं. "होऊ शकतं. पण तपासल्याशिवाय मी कोणाबद्दल सांगणार नाही."

अन्सार बाहेर निघून गेला.

त्या दुपारी जैबुनबीनं सुनेला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. "मी तुले लय बोलली," ती म्हणाली. "दोष कोनाचा, हे मले कुठं ठाऊक होतं? ठाऊक नसतानाच बोलली." अमिनाबीला रडू फुटलं. सासू तेल जिरवत राहिली.

बादल तुळसाबाईच्या शेतावर गेला. "शिश्याचं काम बंद कर," असं जैबुनबीनं लेकाला बजावलं. "मंग खाऊ काय?" म्हणून तो काही दिवस धुसफुसला. शेवटी प्लेटा भंगारात गेल्या, अंगणाची वरची माती खरवडून गावाबाहेर पुरली, आणि अन्सार सायकली दुरुस्त करू लागला.

पुढच्या वर्षी तुळसाबाईच्या बकरीला जुळी करडं झाली, दोन्ही राखी. ही बातमी आली तेव्हा जैबुनबीनं गल्लीत गूळ वाटला.

अमिनाबीला मूल झालंच नाही. अन्सारनं स्वतःला कधी तपासून घेतलं नाही, आणि तिनंही आग्रह धरला नाही. पण बादल घरी परतून पुन्हा ओटा भरू लागल्यावर एखादीनं पाळण्याचा विषय काढला, की जैबुनबी म्हणायची, "तू तुही बकरी पाह्य." मग सरकून सुनेला शेजारी जागा करून द्यायची. सासू गेल्यालाही आता जमाना झाला. दुपार कलली की अमिनाबी अजून त्याच ओट्यावर येऊन बसते.