न कापलेली पानं

भूतखेत, आत्मे वगैरे गोष्टींना मी कायम हसत आले. त्यामुळे 'या महिन्यात काय वाचलं?' या आपल्या धाग्यावर हे लिहिताना अवघडायला होतंय... पण हे वगळून महिन्याचं वाचन सांगताच येत नाही.

मी मोहालीत आयटीत, राहायला चंदिगडला, सेक्टर 43 च्या बस अड्ड्याजवळ. सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे त्यांना तरुणपणापासूनच अक्षरं दिसत नाहीत. बाबा त्यांना रोज वाचून दाखवायचे. आता ते काम माझ्याकडे. वर्क फ्रॉम होम असलं की जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर उन्हात बसायचं, किन्नू, म्हणजे इथली संत्री, सोलायचे आणि वाचायचं.

या महिन्यात सगळी सरमिसळ झाली. एक प्रवासवर्णन – लेखक प्रवास कमी आणि हॉटेलांच्या तक्रारी जास्त करतो. रहस्यकथा – खुनी प्रत्येक वेळी आईंनी माझ्याआधी ओळखला. रानभाज्यांवरचं पुस्तक मला आवडलं, पण "इथे कुठे मिळणार आहे टाकळा?" म्हणून आईंनी ते मिटायलाच लावलं. शेवटी पुण्याहून एक नवीकोरी, नुकतीच बाजारात आलेली कादंबरी मागवली. एक रिटायर्ड स्टेशनमास्तर आणि त्याची बायको, एवढीच गोष्ट.

निम्मी झाली असेल. एका दुपारी पान उलटलं, तर पुढची पानं वरून आणि कडेनेही जोडलेली. बाइंडिंगवाल्यांची कापायची राहिलेली. मी सुरी आणायला उठले.

"अगं, ते प्रकरण झालंय की," आई म्हणाल्या. "सकाळी ह्यांनी वाचून दाखवलं."

आदल्या आठवड्यातही त्या असंच काहीतरी बोलल्या होत्या आणि माझ्या नवऱ्याने, समीरने, लगेच डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती. "हा पक्का डिमेन्शिया आहे यार," तो म्हणाला होता.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "काय झालं त्यात?"

"मास्तर बायकोला घेऊन जुन्या स्टेशनवर जातो. रूळ उखडलेत तिथले. ती डब्यातून थालीपीठ काढते, तेवढ्यात ह्याच्या छातीत दुखायला लागतं. एक ट्रॅक्टरवाला दवाखान्यात नेतो. मग होतो बरा."

मी पानं कापली आणि मनातल्या मनात वाचली. उखडलेले रूळ, थालीपीठ, ट्रॅक्टर... सगळं होतं. फक्त मास्तर दवाखान्यात पोचत नाही. वाटेतच जातो.

संध्याकाळी समीरला सांगितलं. आधी तो हसला. शेवटातला फरक ऐकल्यावर मात्र खुर्चीत बसला.

"बाबा कुणाला मरू द्यायचेच नाहीत," तो म्हणाला. "आई रडते म्हणून वाचता वाचता बदलायचे. लहानपणी एकदा मी पुस्तक उघडून बघितलं, तेव्हा कळलं मला. आईला अजून माहीत नाही."

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वयाच्या मानाने सगळं उत्तम आहे म्हणाले. कादंबरीबद्दल कुठे काही छापून आलंय का, ऑडिओ आहे का, सगळं शोधलं; काही नाही. आईंकडे फोन आहे तो साधा, बटणांचा. मला याचा अर्थ लागलेला नाही. कुणाला लागला तर जरूर सांगा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर बसलो. पुढचं प्रकरण मास्तरच्या रिकाम्या खुर्चीपासून सुरू होत होतं. आईंनी किन्नूची फोड माझ्या हातावर ठेवली. "वाच की गं."

मी घसा साफ केला, मास्तरला दवाखान्यातून घरी आणलं आणि त्या खुर्चीत बसवून त्याच्या हातात चहा दिला.