वरच्या मजल्यावरचं सायकल दुकान

सायकल दुरुस्तीचं दुकान मी वरच्या मजल्यावर नेलं. जबरदस्ती कुणी केली नाही. ज्या नियमामुळे ते वर गेलं, तो नियम मीच लिहिला होता.

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचं जुनं व्यापारी संकुल होतं. समोरासमोर गाळ्यांच्या दोन रांगा, वर गंजलेले पत्रे. पावसाळ्यात कापड दुकानदार थानांवर प्लास्टिक अंथरायचे आणि पंक्चर शोधायचं माझं घमेलं आपोआप भरायचं. माझा गाळा शेवटचा, मुतारीला लागून. गिऱ्हाइकाला पत्ता सांगावा लागत नसे, नाकच त्याला आणून सोडायचं.

आमचा जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. त्यामुळे आपल्याही गावात काहीतरी नवं व्हावं, असं सगळ्यांच्याच अंगात आलं होतं. जुनं पाडून तिथं दुमजली संकुल उभं करायचं ठरलं. बांधकाम होईपर्यंत दुकानं मांडायला शाळेनं मैदानाची एक कड दिली, मागच्या गल्लीनं बांधकामाला पाणी दिलं. इतकी एकी मी गावात पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ती मोडायची कामगिरी माझ्याकडे आली.

नव्या इमारतीत कुणाला कुठला गाळा, यावर बैठक बसली. कापडाच्या सर्वांत मोठ्या दुकानाचे शेठ म्हणाले, "ज्याचा जिथं होता, त्याला तिथंच द्या. भांडण नको."

त्यांचा पुढचा, म्हणजे माझा पुन्हा मुतारीजवळ. मी उठलो. न्यायावर बोललो, समतेवर बोललो, मुतारीचं नाव मात्र काढलं नाही. "चिठ्ठ्या टाका," म्हणालो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं काम करायचं थांबतं. पुढचा गाळा मलाच लागणार आणि मग हे शेठ गोड बोलून तो काढून घेणार, अशी मला धास्ती. म्हणून आणखी म्हणालो, "चिठ्ठीनंतर अदलाबदल चालणार नाही."

नगरपालिकेचे इंजिनिअर शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, "वरचा मजला काही धंद्यांना सोयीचा नसतो. त्यांना सूट ठेवायची का?"

"सूट कोणालाच नको," मी म्हणालो, आणि तिथल्या तिथं कागदावर लिहून दिलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

माझी चिठ्ठी निघाली वरच्या मजल्याची. जिन्यापासून सर्वांत लांबचा गाळा. बैठकीत हसायला कुणी सुरुवात करावी, एवढाच प्रश्न उरला होता. शेठनी तो सोडवला.

जिन्याशेजारचा खालचा गाळा एका शिंप्याला लागला होता. भला माणूस. म्हणाला, "भाऊ, तुमी खाली या, मी जातो वर. माझं गिऱ्हाईक पायानं येतं. तुमच्या गिऱ्हाइकाला चाकं हायेत."

आम्ही दोघं इंजिनिअरकडे गेलो. पाठोपाठ शेठही आले. त्यांना मागचा गाळा लागला होता. "ह्यांची अदलाबदल झाली तर माझीबी झाली पायजे," ते म्हणाले. इंजिनिअरनी फाईल उघडून माझाच कागद माझ्यापुढे धरला. "अक्षर छान आहे तुमचं," एवढंच बोलले.

मग वर संसार थाटला. पहिला आठवडा खाली उभे राहून लोक नुसतं ओरडायचे, "मिस्त्री, हवा!" मी पंप घेऊन उतरायचो, हवा भरून चढायचो. पंक्चरवाले वर पाहायचे आणि सायकल ढकलत बसस्टँडकडच्या दुकानात जायचे. जुनी गिऱ्हाइकं डोळ्यांदेखत तुटायला लागली. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर कुलूप लावून घरी बसावं लागलं असतं.

शेवटी पुन्हा इंजिनिअरकडे गेलो. या वेळी भाषण केलं नाही. त्यांनी जिन्याखालची रिकामी जागा बसायला दिली. हत्यारांची पेटी, पंप, घमेलं घेऊन मी खाली आलो. भिंतीला पाठ टेकली तेव्हा कळलं, भिंतीपलीकडे नवी मुतारी आहे.

तिसऱ्या दिवशी कुरुंद्याकडच्या तांड्यावरचे एक म्हातारे शेतकरी पंक्चर सायकल घेऊन आले. माझं जुनं गिऱ्हाईक. इमारत बांधल्यापासून पहिल्यांदाच येत होते. त्यांनी सायकल भिंतीला लावली, मान वर करून दोन्ही मजले पाहिले, मग मला, मग घमेल्याला. नाकाला धोतराचा सोगा लावला.

"मिस्त्री, पहिलं बी तुमी हितंच बसत होते ना?"

"व्हय."

"मंग येवढं समदं पाडलं काहून?"