वसंता हार्डकोर

जाफराबादहून जीपनं पंधरा मिनिटांवरच्या गावात बद्रीनाथांचा थोरला वसंता राहतो. वय एकतीस, शिक्षण बी. ए., आणि धंदा विचाराल तर मोबाइलवर बंदुका चालवणं. त्यातही खेळण्यापेक्षा खेळणाऱ्यांची कापसासारखी प्रतवारी लावण्यात त्याचा जीव जास्त रमे. नवखा तो नूब. झुडपात दडून नेम धरणारा तो कॅम्पर. कामधंद्यातून सवड काढून दोन घटका खेळणारा तो कॅज्युअल. हा शब्द उच्चारताना वसंताचं तोंड कारलं चावल्यासारखं होई. आणि सगळ्यांच्या वर, दिवसभर खेळाला वाहिलेला हार्डकोर. म्हणजे अर्थातच तो स्वतः.

घरच्यांनाही त्यानं सोडलं नव्हतं. एकदा सोयाबीनवर फवारणी करून आलेले बद्रीनाथ पाठीवरचा पंप उतरवत म्हणाले, "वसंता, जरा मोटारीचं बघून ये."

"अण्णा, तुम्ही म्हंजी एनपीसी."

"ते काय असतंय?"

"गेममधी नुसतं उभं केलेलं माणूस. रोज तेच बोलतंय, तेच काम करतंय. त्याला खेळता येत न्हाई."

बद्रीनाथांनी पंप भिंतीला टेकवला. "मंग खेळणाऱ्याला जेवू कोण घालतंय?"

वसंताचा डाव सुरू झाला होता. त्याला ऐकू आलं नाही.

दिवाळीनंतर आईचे भाऊ, रामरावमामा, यांनी घनसावंगीचं स्थळ आणलं. मुलगी तृप्ती, तिथल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. "काय करता विचारलं तर ऑनलाइन काम म्हण," मामांनी वाटेत चारदा पढवलं. पोरगाही शहाण्यासारखा मान डोलावत राहिला.

पोहे आले. तेवढ्यात तृप्तीच्या मोबाइलवर वसंताच्याच गेमचं नोटिफिकेशन वाजलं, आणि मामांची चार वेळची मेहनत पाण्यात गेली.

"तुम्ही पण खेळता?"

"जीपमधी. सीटा भरंपर्यंत एक डाव होतो."

"म्हंजी कॅज्युअल," वसंता दयेनं म्हणाला. मग त्यानं नूबपासून हार्डकोरपर्यंतची सगळी उतरंड मांडली. मामा तीनदा खाकरले. चौथ्यांदा त्यांना खरोखरच ठसका लागला.

तृप्तीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी ज्याला काम हाय अन् तरी खेळतो, तो कॅज्युअल. अन् ज्याला काहीच काम न्हाई, तो हार्डकोर. बराबर?"

"तसं न्हाई. त्याला डेडिकेशन लागतंय."

"कशासाठी?"

चारशे मीटरवरून माणूस टिपणाऱ्या वसंताला चार हातांवरून आलेला हा एक शब्द चुकवता आला नाही. 

"पाहुणे, चहा घ्या, गार होऊन राह्यला," तृप्तीचे वडील म्हणाले. मुली बघून मुरलेल्या मामांना त्यातच उत्तर कळलं.

परतीच्या जीपमध्ये वसंता मामांच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "मामा, पोरगी टॉक्सिक हाय."

"म्हंजी?"

"हारलं की समोरच्याला लागेल असं बोलणारे असतात, त्यांला म्हणतात."

"अरे, पण ती कुठं हारली?"

आठवड्यात नकार आला. वसंताला तो लागला, हे खरं. दुसऱ्या दिवशी तो कुणी न सांगता पंप पाठीवर घेऊन शेतात गेला. त्याच्या आईला, सोनूबाईला, वाटलं, देव पावला. पण दोन तासांत खांदे भरून आले, आणि संध्याकाळी त्यानं गेमवाल्यांच्या ग्रुपवर पंपासह फोटो टाकला. खाली लिहिलं, "रिअल लाइफ ग्राइंड," म्हणजे गेममधली रगड खऱ्या आयुष्यात. तिसऱ्या दिवशी पंप पुन्हा बद्रीनाथांच्या पाठीवर होता.

मामांच्या पोटात मात्र गोष्ट राहिली नाही. पारावर, चक्कीत, लग्नाच्या पंगतीत त्यांनी ती तिखटमीठ लावून सांगितली. गावानं प्रतवारीतले बाकीचे शब्द सोडून दिले आणि एकच उचलला. गावातल्याच उषाबाईंचा खोंड जू मानेवर पडताच बसकण मारायचा. परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "काय करावं बाई, आमचा खोंड हार्डकोर निघाला."

वसंता तिथूनच चालला होता. थांबला, मोबाइल खिशात घातला आणि त्यांना शब्दाचा खरा अर्थ समजावून सांगू लागला. उषाबाईंनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, मग खोंडाला पेंड घालायला आत गेल्या.