नाशिकची निर्दोष स्थळं

नाशिक जिल्ह्यातले समस्त लग्नाळू मुलगे एका दुपारी निर्दोष झाले, हा चमत्कार माझ्या हातून घडला. चूक माझी होती आणि तिचं खापर मी माझ्या मामेसासऱ्यांच्या डोक्यावर फोडलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे तुम्ही त्यांना हसाल.

बायकोच्या या मामांइतका संशयी माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नाही. इंदिरानगरात ते वधू-वर मंडळ चालवायचे. स्थळ आलं की स्वतः मुलाच्या गल्लीत जाऊन दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना छळायचे आणि मग शेरा लिहायचे. शेऱ्यात आधी गोड, मग खरं. ‘मुलगा सुस्वभावी, नोकरी कायम, घर स्वतःचं, पण आईसमोर तोंड उघडत नाही.’ लोक येत ते त्या ‘पण’साठी. नव्वदच्या दशकात त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळी स्थळं एका फाइलीत भरली. कॉम्प्युटरला भरतकामाचा अभ्रा चढला. फाइलीची नक्कल ठेवलेली फ्लॉपी दमट हवेने बिघडू नये म्हणून तांदळाच्या डब्यात गेली. पुढे मामींसाठी बाहेरच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर आला, वायरने जोडलेला. फाइल मात्र एकच, आणि दोघांनी एकदम लिहिलं की ती बिघडायची. म्हणून मामा आतून ओरडत, “मी आत आहे!” मामी बाहेरून विचारत, “अजून किती वेळ? लोक खोळंबलेत!” आलेले पाहुणे अदबीने छताकडे बघत.

नाशकातच द्वारका चौकाजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं, त्यामुळे अक्कल उतू जात होती. “मामा, आता सर्व्हर घ्या. माहिती त्याच्या ताब्यात. एका वेळी पन्नास जणांनी मागितली तरी तो प्रत्येकाला देईल, काही बिघडणार नाही.”

“पन्नास? जावईबापू, घरात माणसं दोन. कुंभमेळा भरवायचाय?”

“उद्या शाखा निघतील.”

“आणि तो तुमचा सर्व्हर आजारी पडला तर?”

“मी आहे ना!”

मामांना खरी भीती याचीच असावी. पण जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

नव्या सर्व्हरवर शेऱ्यासाठी किती अक्षरांची जागा ठेवायची, हे मी ठरवलं. कमी ठेवली. माहिती हलवताना लांब शेरे शेपटाकडून कापले गेले, ‘पण’सकट. मी तपासलंसुद्धा नाही. तज्ज्ञ होतो ना.

काही दिवसांनी पेठ तालुक्यातले एक शिक्षक आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरत आला होता आणि मुलाचं पहिलं लग्न मोडल्याचं त्यांना बाहेरून कळलं होतं. “आम्ही फक्त तुमच्या शेऱ्यावर इथवर आलो. तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“होतं. मी लिहिलंय,” मामा म्हणाले. पडद्यावर तो मुलगा हिऱ्यासारखा चमकत होता.

मी तिथेच होतो. म्हणालो, “मामा, राहून गेलं असेल लिहायचं. या वयात होतं असं.”

संध्याकाळी दुकानात मी माहिती हलवायला आणलेली जुनी फ्लॉपी उघडली. शेरा पूर्ण होता. दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन मी सगळे शेरे पूर्ववत केले. तेवढं सांगायचं मात्र राहून गेलं. या वयात होतं असं.

मामांनी कॉम्प्युटरचा अभ्रा पुन्हा काढलाच नाही, नवी स्थळं घेणंही थांबवलं. “विसरभोळ्या माणसानं दुसऱ्यांची लग्नं जुळवू नयेत,” म्हणायचे. भिजवलेले बदाम सुरू झाले, ब्राह्मीचं तेल आलं. रोज सकाळी ते मामींना तिसापर्यंतचे पाढे म्हणून दाखवू लागले. बायको मला हसत हसत हे सांगायची आणि मी पेपरात तोंड खुपसायचो.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मामा एकोणतिसाच्या पाढ्यात अडकले होते. चप्पल काढता काढताच मी म्हणालो, “मामा, तुम्ही लिहिलं होतं. कापलं मी. मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा.”

ते चिडतील, निदान एक टोमणा तरी मारतील, अशी मला आशा होती. ते स्वयंपाकघराकडे वळले आणि एवढंच म्हणाले, “अगं, ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो.”