जयवंतची निर्भेळ तबकडी

दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि बोट तिरकं धरायचं. थेंब टिकला तर दूध चोख, पळाला तर पाणी. मनवेलपाड्याच्या चाळीत जयवंत हा उद्योग रोज सकाळी दारात उभा राहून करायचा. थेंब पळाला की दूधवाल्याची अशी खरडपट्टी काढायचा की शेजारच्या बायका चहाचं आधण ठेवता ठेवता थांबायच्या. भेसळ म्हटली की त्याचं टाळकं फिरायचं. "त्यापेक्षा चोरी परवडली," म्हणायचा. "चोर निदान तोंड तरी लपवतो."

माझं नाव बॅप्टिस्ट, गाव सांडोर. केळीच्या वाडीत माझं मन कधी रमलं नाही, म्हणून वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन साच्यातून चपलांचे सोल काढायला लागलो. सत्त्याण्णव साली शेजारच्या गाळ्यात जयवंत आला. मुंबईतला त्याचा कारखाना बंद पडला होता आणि तिथून मिळालेलं सगळं त्याने प्लॅस्टिकच्या वस्तू काढायच्या एका जुन्या मोल्डिंग मशीनमध्ये ओतलं होतं. ते मशीन चाललं तर घर चालणार, नाही तर पुन्हा दुसऱ्याच्या दारात ऑपरेटर म्हणून उभं राहायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसऱ्याची चाकरी या माणसाला जमणारी नव्हती. कुठल्या मालकाने त्याला सहन केलं असतं, सांगा!

माझा भाचा वॉल्टर त्याच्याकडे मदतनीस होता. एकदा त्याने प्लॅस्टिकच्या कोऱ्या दाण्यात मगभर दळलेलं भंगार मिसळलं. सगळी वसाहत तेच करते, मीही करतो. जयवंतने पोराला भर पावसात गाळ्याबाहेर काढलं आणि वर मला ऐकवलं, "तुझ्या घराण्याची सवय तुझ्याकडे ठेव." त्यानंतर आमचं काही दिवस बोलणं बंद होतं. मग एक दिवस तो माझ्याकडे पाना मागायला आला आणि मी दिला. शेजाऱ्याशी किती दिवस भांडणार?

वॉल्टर गेल्यावर मदतीला जयवंतच्या पत्नी सावित्रीवहिनी येऊ लागल्या. डबा घेऊन यायच्या, दाणा ओतायच्या, तयार मालाच्या कडा ब्लेडने साफ करायच्या. फार हळू बोलणारी बाई. नवरा रागावला की हातातलं काम अधिक भरभर करायची.

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला अंधेरीचा एक एजंट फेकायच्या तबकड्यांचं काम घेऊन आला. परदेशात म्हणे असा एक खेळ आहे. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली टोपली. मला हसू आलं. एजंट मात्र गंभीर होता. तबकडी फार कडक झाली तर ओल्या हातातून निसटते, झाडावर आपटली की तिची कड तुटते, आणि कड तुटली की ती सरळ जात नाही. फार मऊ झाली तर हवेतच लोळते. मधली जमली तर खेळणारे तिला दुप्पट भाव देतात. त्याने साचा दिला आणि म्हणाला, "सॅम्पल काढा. पसंत पडलं तर वर्षभराचं काम."

सॅम्पल निघालं त्या दिवशी मी बाहेरगावी होतो. परत आलो तर सामाईक पॅसेजमधली माझी सोलच्या मऊ दाण्याची गोणी अर्धी रिकामी. दाणेवाल्याने माप मारलं म्हणून मी त्याच्याशी कडाक्याचं भांडलो आणि त्याचा माल बंद केला.

महिन्याभराने एजंट पेढे घेऊन आला. तिकडचे लोक खूश होते. तबकडी हातात बसते, वाकवली तर पुन्हा सरळ होते, थंडीत तडकत नाही, आणि उडते तर अशी की विचारू नका. जयवंत त्या दिवशी पोरासारखा हसला. "बघ बॅप्टिस्ट," मला म्हणाला, "चोख मालाला मरण नाही."

ऑर्डरच्या मालासाठी त्याने मशीन खोलून धुतलं. बाजारातला सगळ्यात कोरा दाणा आणला. एक कण इकडचा तिकडे नाही. संत्र्याच्या रंगाच्या तबकड्या खोक्यांत भरताना तो प्रत्येकीवरून फडकं फिरवायचा, आणि वहिनी मान खाली घालून कडा कापत बसायच्या.

सगळा माल परत आला.

तबकड्या हातातून सटकत होत्या, डावीकडे वळून पडत होत्या, कडेचे टवके उडत होते. एजंट गाळ्यात उभा राहून ओरडला, "सॅम्पल एक दाखवलंत आणि माल भेसळीचा पाठवलात! लाज वाटत नाही?"

जयवंत परत आलेल्या खोक्यातली एकेक तबकडी उजेडात धरून बघत राहिला. त्याच्या जागी मी असतो तर एजंटच्या कानाखाली वाजवली असती. एजंटने सॅम्पलमधली एक तबकडी टेबलावर टाकली आणि महिन्याची मुदत दिली. हिच्यासारखी निघाली तर काम राहील, नाही तर संपलं.

त्या महिन्यात जयवंत निम्मा झाला. आधीच्यापेक्षा महाग दाणा आणला, मग त्याहून महाग. संध्याकाळी आम्ही नायगावच्या ओसाड मिठागरात जाऊन तबकड्या फेकायचो. सॅम्पलची तबकडी सरळ तरंगत जाऊन अलगद उतरायची. नवी थोडी जाऊन कलंडायची. तो धावत जाऊन ती उचलायचा, कडेवर नख दाबायचा आणि पुढची घ्यायचा. मला बघवत नसे.

शेवटी मी त्याच्या गाळ्यात जाऊन म्हणालो, "जयवंत, जरा मऊ काहीतरी मिसळून बघू या. माझ्या मते त्या सॅम्पलमध्येच काहीतरी मिसळलेलं असणार."

"माझ्या मशीनमध्ये?" तो उसळला. "ज्याने मिसळलं असेल त्याचं मी मरेपर्यंत तोंड बघणार नाही. पुन्हा हे बोललास तर तुझंही नाही."

वहिनी डबा सोडत होत्या. भाजीची वाटी त्यांच्या हातातून पडली. "काय हे वेंधळेपण!" जयवंत खेकसला. त्यांनी गुपचूप फरशी पुसली.

मुदत संपली. काम गेलं, आणि 'भेसळवाला' हे नाव वसाहतभर झालं. नावं ठेवणारे कोण, तर भंगार दळून बादल्या विकणारे. दुसरं काम कुणी देईना, गाळ्याचं भाडं थकलं, आणि अशाच एका बादलीवाल्याने मशीन घेतलं.

क्रेन आली त्या सकाळी मी सोबतीला गेलो होतो. मशीन जमिनीवरून उचललं गेलं, खाली फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिला, आणि वहिनी एकदम खाली बसल्या.

"सॅम्पलमध्ये मी मिसळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वायरमनला आणायला गेला होता. दाणा संपत आला. मशीन रिकामं चाललं तर तुम्ही ओरडाल म्हणून या भाऊंच्या गोणीतला ओतला. रंग घातल्यावर वेगळा दिसला नाही. मग रोज वाटायचं सांगावं. पण वॉल्टरला कसं घालवलंत ते मी पाहिलं होतं."

आता आभाळ कोसळणार म्हणून मी पुढे झालो. जयवंत क्रेनकडे बघत उभा होता. तिकडे बघतच त्याने विचारलं, "किती ओतलास?"

"मोजलं नाही हो. अंदाजाने."

"बरं," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

त्याच आठवड्यात तो त्या बादलीवाल्याकडे ऑपरेटर म्हणून लागला, स्वतःच्याच मशीनवर. मालक सांगेल ते मशीनच्या तोंडाशी असलेल्या हॉपरमध्ये ओततो. जुन्या चपला, फुटक्या टाक्या, रंगांची डबडी, काहीही. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि फावड्याने भंगार ओतत राहिला. कारखानदारीतलं सगळं कळणारा माणूस, आणि त्याची ही दशा! देवाला काही विचारावंसं वाटतं, पण आमच्या पाद्रींना ते आवडत नाही.

परवा, म्हणजे दोन हजार तीनच्या नाताळात, फराळाचे कलकल घेऊन मी मनवेलपाड्याला गेलो. जयवंत खिडकीशी बसला होता. ती सॅम्पलची संत्री तबकडी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली. वहिनींनी चहा दिला. पहिला घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. चहा कसला, नुसतं गढूळ पाणी.

कप ठेवायला आत गेलो तेव्हा वहिनी दुधाच्या पातेल्यात तांब्याने पाणी ओतत होत्या.

"वहिनी, हे काय?"

"रोज थोडं जास्त घालते, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवसापासून मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. वाटतं, कधीतरी कळेल, कधीतरी ओरडतील."

बाहेर जयवंतने आपला चहा संपवला आणि रिकामा कप नीट बशीत ठेवला.